हरणाऱ्याची चूल

रेकॉर्डबाबूंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते चुलीपुढं उकिडवे बसले होते. धोतर खोचलेलं, गालाला राख, हातात फुंकणी आणि डोळ्यांतून पाणी. काकू बाहेरच्या खोलीत बाजेवर मांडी घालून वाती वळत होत्या आणि मधूनच आत आवाज देत होत्या, की साखर वरच्या फळीवर आहे, खालच्या नाही. मला वाटलं, काकूंना बरं नसेल. तसं विचारलं तर त्या म्हणाल्या, “मले काय धाड भरली?” मग मी बाबूंकडे पाहिलं. ते ओल्या पऱ्हाट्यांच्या जळणाशी झगडत शांतपणे म्हणाले, “हारलो मी. हारनाऱ्यानं चूल सांभाळाची, असा नियम हाये.”

कशात हरले, कोणाकडून हरले, नियम कोणी केला, काहीच कळेना. थोड्या वेळानं चहा आला. त्यात धुराचा वास होता आणि पत्ती कच्ची होती. काकू मात्र बशीत ओतून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. त्या माणसाबद्दलचा माझा गोंधळ त्या चहापासून सुरू झाला आणि तो आजही पुरता निस्तरला आहे असं मला वाटत नाही.

मी तेव्हा दर्यापूरहून अकोल्याला जमिनीच्या कचेरीत कारकून म्हणून नवा लागलो होतो. बाबू तिथले रेकॉर्ड कीपर. वऱ्हाडातली शेतं, पांदणी, विहिरी, कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कोणी सरकवला, हे सगळं त्यांच्या दप्तरखान्यात बस्त्यांत बांधून ठेवलेलं. आमच्या डोक्यावरची राज्यं बदलली, आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. बाबूंची खुर्ची तसूभर हलली नाही. प्रत्येक बस्त्यात ते कडुनिंबाचा पाला आणि कापूर घालत. पावसाळ्यात एकेक कागद पंख्याखाली वाळवत. इतर कचेऱ्यांत वाळवीनं गावंच्या गावं खाल्ली, पण बाबूंच्या दप्तरखान्यात शिरायची तिची छाती नव्हती.

त्यांचा एक शब्द होता, ‘दप्तरी दाखल’. कचेरीत ज्या कागदावर पुढं काही करायचं नसतं त्याच्यावर हा शेरा मारतात. कागद फाडायचा नाही, त्यावर वादही घालायचा नाही, बांधून ठेवून द्यायचा. बाबू हा शेरा सगळ्या आयुष्याला मारत. शेजारचा कंपाउंडर एकदा कट्ट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, की बायको बाजेवर आणि नवरा चुलीपुढं, ही कसली रीत. मला संताप आला. बाबूंनी त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली आणि “दप्तरी दाखल,” म्हणून चालू लागले.

तो नियम कशाचा, हे मला त्याच साली पौषात कळलं. कळलं म्हणजे गोंधळात भर पडली.

पहाटेपासून आभाळ भरून आलं होतं आणि मेळघाटाकडून असा झोंबरा वारा सुटला होता की चौकातल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पळत होता. रविवार. गोधडीतून पाय बाहेर काढायचा नाही असं मी ठरवलेलं. तेवढ्यात बाबू दारात. कानटोपी, मफलर, अंगात कोटावर कोट, खांद्यावर एक लांबुडकी चामड्याची पिशवी आणि तिच्यातून डोकावणाऱ्या तीन काठ्या. मागं काकू, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, वरून घोंगडी. “चाला भाऊ,” बाबू म्हणाले. “असं हवामान सालातून दोनदाच भेटते. पंच पायजे आमाले.”

गावाबाहेरच्या ई-क्लासच्या पडिकात, म्हणजे गावाची ढोरं चरतात त्या सरकारी जमिनीत, बाबूंनी गोल्फचं मैदान आखलं होतं. होय, गोल्फचं. मी तो शब्द फक्त वर्तमानपत्रात वाचलेला. मोजणीच्या साखळीनं अंतरं धरून पाच खड्डे, प्रत्येकाशेजारी मोजणीची लाल-पांढरी झेंडी, चारी बाजूंनी चुना फासलेले हद्दीचे दगड. साहेब लोक गेले तेव्हा कोणाची तरी ही पिशवी आणि नियमांचं एक छोटं इंग्रजी पुस्तक कचेरीत राहून गेलं होतं. लिलावात कोणी हात वर केला नाही, म्हणून बाबूंनी घरी नेलं. गोरे खेळताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. जे काही होतं ते पुस्तकातून. आणि त्या पुस्तकाची पहिली चार पानं, त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, वाळवीनं खाल्ली होती.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण थंडीनं माझं डोकं चालत नव्हतं.

खेळ असा, की काठीनं चेंडू मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचा आणि टोले मोजायचे. पाच खड्डे झाले की ज्याचे टोले जास्त तो जिंकला. मी विचारलं, जास्त टोल्यांनीच जिंकायचं तर चेंडू खड्ड्यात घालायचाच कशाला, जागच्या जागी मारत बसलं तरी चालेल. बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीच्या गावचा नकाशा काढला आहे. म्हणाले, “पोचाचं तं हायेच. मुद्दाम चुकवलेला टोला पंच धरनार नाई. पन लवकर पोचनाऱ्यालेच काहून बक्षीस? ज्यानं जास्त मेहनत केली त्याले काहून नाई?” पंचवीस वर्षं कचेरीत घासलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार, अशी मी मनाची समजूत घातली.

काकूंनी पहिला टोला मारला. चेंडू वाऱ्यानं उचलला आणि त्यांच्याच मागं येऊन पडला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या, घोंगडी फेकली, दात-ओठ खाऊन मारला. त्या मनापासून खेळत. चेंडू नेमका कुठं आहे ते त्यांना चार हातांवरून नीट दिसत नसे. त्या वाकून, हातानं चाचपून, मग मारत. थंडीनं बोटं आखडलेली, नाक लाल, पण एकदाही कुरकुर नाही. वारा असा की झेंड्या आडव्या झालेल्या. तिसऱ्या खड्ड्याजवळ बाबूंचा चेंडू काळ्या मातीच्या भेगेत गेला, हात घातला तर खांद्यापर्यंत आत. आमच्याकडच्या भेगा तशाच, बैलाचा पाय जाईल अशा. मग बाबूंनी खिशातून कागद काढला आणि तिथंच, त्या वाऱ्यात, एका गुडघ्यावर कागद धरून पंचनामा लिहिला: चेंडू अमुक दिशेनं गेला, अमुक दगडापासून इतक्या हातांवर भेगेत पडला, पंचांनी समक्ष पाहिलं. खाली माझी सही. हात इतका थरथरत होता की ती सही पुढं मलाच ओळखू आली नाही.

शेवटी काकूंचे टोले भरले अठ्ठावन्न, बाबूंचे छत्तीस. काकू जिंकल्या. बाबूंनी टोपी काढून त्यांना रामराम केला. काकू हसल्या, अगदी पोरीसारख्या. आणि घरी आल्यावर बाबूंनी कोट काढून ठेवला आणि ते चुलीपुढं जाऊन बसले. पुढची फेरी होईपर्यंत चूल त्यांची. आणि पुढची फेरी कधी? पुन्हा असंच गार, वाऱ्याचं हवामान येईल तेव्हा. “निवांत हवेत खेळ लहान होते,” असं त्यांचं म्हणणं. मला दुसरंही एक कारण दिसत होतं. अशा गारठ्यात पडिकात गुराखीसुद्धा फिरकत नसे, आणि काष्टा मारून काठी फिरवणाऱ्या बाईला बघून हसायला कोणी नसे.

हा असला पोरखेळ दोन पोक्त माणसं का खेळतात, हे काकूंच्याच तोंडून थोडंफार कळलं. काकूंचे डोळे धुरानं गेले होते. नवव्या वर्षापासून चुलीपुढं, आणि आमच्याकडचं जळण म्हणजे कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या, धूर बघायला नको. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढं चुलीजवळ बसलात तर आहे ती नजरही राहणार नाही. बाबू म्हणाले, मी करतो स्वयंपाक. काकूंनी साफ नाही म्हटलं. “नवऱ्यानं चूल फुकाची अन् मी पाहात बसू? लोकं शेन घालतील माह्या तोंडात,” असं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पहाटेच चुलीपुढं जाऊन बसल्या. बाबूंनी समजावलं, रागावले, दोन दिवस जेवले नाहीत. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी पिशवी काढली, पुस्तक काढलं, आणि खेळ मांडला. हरणाऱ्यानं चूल सांभाळायची हे त्यांनी आधीच ठरवून घेतलं. काकू जिंकल्या. “जिकली म्हनून बसली बाजीवर,” काकू मला म्हणाल्या. “फुकट नाई बसली. कोनी बोललं तं सांगतो, नियम हाये.”

म्हणजे काकूंची नजर त्या टोल्यांवर टिकून होती. हे मला लख्ख कळलं, आणि त्या घरात हीच एक गोष्ट मला लख्ख कळलेली होती.

बाबूंचा स्वयंपाक, खरं सांगायचं तर, खाववत नसे. भाकरीला भारताच्या नकाशासारखे किनारे. वरण एक दिवस पाणी, एक दिवस चिखल. मी काहीतरी निमित्त काढून जेवण टाळायचो, चहा मात्र टळत नसे. काकू सगळं गोड मानून खात.

असे सात-आठ हिवाळे गेले. मी पंच म्हणून कायम झालो. लग्न झालं, पोरगी झाली, तरी पौषात वारा सुटला की बायको मफलर काढून हातात द्यायची. काकू दर वेळी जिंकत. त्यांची नजर तितकीच राहिली होती, वाढली नाही आणि गेलीही नाही.

मग एका थंडीत कचेरीत नवा साहेब आला. तरुण, परीक्षा पास होऊन वर्षभर काम शिकायला पाठवलेला, उत्तरेकडचा. त्याला कुठूनसं कळलं की अकोल्यात एक कारकून गोल्फ खेळतो. त्याला आनंदाचं भरतं आलं. त्याच्याकडे स्वतःच्या काठ्या होत्या, चौदा. त्यानं बाबूंना बोलावून विचारलं आणि येत्या रविवारी येतो म्हणून सांगितलं. बाबू म्हणाले, हवामान जमलं तर. शनिवारी दुपारी साहेबानं मला एका मोजणीच्या कामाला जीपमधून बरोबर नेलं आणि वाटेत खेळाबद्दल सांगू लागला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, की जो सगळ्यात कमी मारतो तो जिंकतो.

मी म्हटलं, जास्त मारतो तो. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

मला दरदरून घाम फुटला, जानेवारीत. म्हणजे इतकी वर्षं सगळं उलटं? वाळवीनं खाल्लेल्या त्या चार पानांत नेमकं हेच असणार. बिचाऱ्या बाबूंना पत्ता नाही. उद्या हा साहेब मैदानात सगळ्यांसमोर खरं सांगणार, काकूंना कळणार की त्या कधीच जिंकल्या नव्हत्या, आणि त्या बाईचा स्वभाव मला माहीत होता. सोमवारी पहाटे ती चुलीपुढं बसणार, आणि उरलीसुरली नजर धुरात घालवणार. बाबूंना आधी सांगावं? सांगितलं तर इतक्या वर्षांचा त्यांचा खेळच मोडतो. साहेबाला सांगावं? मी कारकून, तो साहेब. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. वारा पडू दे, एवढंच देवाकडे मागत होतो. पहाटे वारा दुप्पट होऊन सुटला.

साहेब आला. छान खेळला. वाऱ्याचा अंदाज घेऊन, चेंडू जमिनीलगत ठेवून. त्याचे टोले भरले चोवीस. बाबूंचे चाळीस. काकूंचे त्र्याऐंशी, कारण त्या दिवशी वारा त्यांच्या चेंडूला दोनदा हद्दीच्या दगडापर्यंत परत घेऊन आला आणि दोन्ही वेळा त्या निमूट मागं चालत गेल्या. मी कागदावर आकडे लिहिले आणि कागद बाबूंच्या हातात दिला.

बाबूंनी निकाल वाचला. पहिल्या काकू, दुसरे बाबू, तिसरे साहेब. मग साहेबांना दिलासा देत म्हणाले, सराव नाही ना, होईल हळूहळू. साहेबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो काकूंकडे वळला, हसून तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा बाबूंनी साहेबाच्या कोपराला धरलं होतं. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणत्याही साहेबाच्या अंगाला हात लावला नसेल. ते त्याला लांब, हद्दीच्या दगडापर्यंत घेऊन गेले. तिथं दोघं उभे राहिले. बाबू बोलत होते, मफलर फडफडत होता. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळं एक अक्षर ऐकू आलं नाही. साहेबानं एकदा मान वर करून काकूंकडे पाहिलं. त्या जमिनीवर बसून हातानं चाचपत आपला चेंडू शोधत होत्या. मग दोघं परत आले. साहेबानं टोपी काढली आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “बाईजी, तुम्ही जिंकलात.”

मला वाटलं, बाबूंनी त्याला खड्ड्यांच्या अंतराची काही तक्रार सांगितली असावी किंवा रजेचं काढलं असावं. त्यानंतर बाबू खोलीत आले की तो तरुण साहेब खुर्चीवरून उठून उभा राहत असे. कचेरीत सगळे चक्रावले. मीही. साहेबानं ऐन वेळी सोडून दिलं हे नशीब, आणि बाबूंना त्यांच्या अज्ञानात सुखानं राहू देणं हे माझं काम, असं मी ठरवलं. पुढची पाच वर्षं मी हे गुपित छातीशी धरून होतो. मनातल्या मनात स्वतःला त्या घराचा तारणहार समजायचो, आणि बाबूंची थोडी कीवही करायचो. लाज वाटते, पण करायचो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात बाबू गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मी महिन्याभरानं गेलो तेव्हा त्यांची लेक सासरहून येऊन राहिली होती, चुलीजवळ तीच होती. काकू बाजेवर. त्यांनी पायाशी ठेवलेला एक बस्ता माझ्याकडे सरकवला. “त्याईनं सांगतलं होतं, पंचाले दे म्हनून. काय हाये त्यात, वाचून दाखव मले.”

लाल फडक्यात व्यवस्थित बांधलेलं. कडुनिंबाचा पाला, कापूर. सगळ्या फेऱ्यांचे टोले साल-तारखेवार, माझ्या थरथरत्या सह्यांचे पंचनामे, नियमांचं पुस्तक. आणि तळाशी एक खाकी पाकीट. त्यात चार छापील पानं होती. पुस्तकाची पहिली चार. ब्लेडनं सरळ रेषेत कापून काढलेली. वाळवीचं एक भोक नाही.

दुसऱ्या पानावर, कमी टोल्यांचा नियम होता त्याच्याखाली, लाल शाईनं रेघ मारली होती. समासात बाबूंचं ते मोत्यासारखं अक्षर: ‘नियम वाचला. समजला. मान्य नाही. दप्तरी दाखल.’ खाली सही, आणि तारीख. तारीख अमरावतीच्या डॉक्टरांकडून परत आले त्या आठवड्यातली.

ज्या माणसाला मी अज्ञानी समजून सांभाळत होतो, तो मलाही सांभाळत होता. दगडापाशी त्या साहेबाला काय सांगितलं असेल, तेही आता कळलं.

“काय लिवलं हाये?” काकूंनी पुन्हा विचारलं.

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण बाबूंच्या कागदावर खोटं वाचायची माझी हिंमत झाली नाही. मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. कुठला नियम, तेही सांगितलं. कमी टोले मारणारा जिंकतो.

काकू वातीचा कापूस बोटांत धरून तशाच बसल्या. ओठ हलत होते, हिवाळे मोजत असाव्यात. मग हळूच म्हणाल्या, “म्हनजे इतकी वर्सं मीच हारून रायली होती.”

मी पानं पाकिटात परत घातली.

त्या उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या आणि लेकीला म्हणाल्या, “सरक. हारली मी.” लेक म्हणाली, आई, डोळे. काकू म्हणाल्या, “एका चहापुरतं तं बसू दे. बाकी उमरभर बाजीवरच बसाचं हाये.” त्यांनी चाचपून फुंकणी घेतली, पऱ्हाट्या पुढं सारल्या. इतक्या वर्षांनी हात विसरले नव्हते.

चहा आला. साखर बरोबर, पत्ती नीट उकळलेली, धुराचा वास नाही. मी म्हटलं, काकू, असा चहा या घरात मी पहिल्यांदाच पितो आहे.

“त्याईले चहा कधी जमलाच नाई,” काकू म्हणाल्या. “जिकलेल्या मानसानं नावं ठेवू नये, म्हनून मी गुमान पेत गेली.”